स्वस्तातला जुना डेस्कटॉप : घ्यावा की सोडावा?

मी लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरमधून निवृत्त झालेला अधिकारी. वय ६७, शिक्षण बी.एस्सी., मुक्काम जबलपूर. आधीच सांगतो, मी काही संगणकतज्ज्ञ नाही. आयुष्य गेलं ते सामान मोजण्यात, तपासण्यात आणि निकालात काढण्यात. तरीही आज जुन्या डेस्कटॉपवर बोलतोय, कारण या बाबतीत मी एका माणसाला चुकीचा सल्ला दिला आणि त्याचे पैसे गेले.

माझ्याबरोबर काम केलेले एक सुभेदारसाहेब आता सातारा जिल्ह्यात त्यांच्या गावी असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "साहेब, पोरीसाठी कॉम्प्युटर बघतोय. तालुक्याच्या दुकानात आय-सेव्हन मिळतोय. आठ जीबी रॅम, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं धरून साडेतेरा हजार. एक वर्षाची वॉरंटी. घेऊ का?"

मी जेवायला बसलो होतो. आय-सेव्हन हा शब्द ऐकला, साडेतेरा हजार ऐकले आणि म्हणालो, "घेऊन टाका, साहेब." अर्ध्या मिनिटात विषय संपला.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुलीला घरून करायचं काम मिळालं. निवड झाली, कागदपत्रं झाली. शेवटी कंपनीने संगणक तपासायला सांगितला. तिथे गाडी अडली. विंडोज ११ हवं होतं आणि त्या मशीनवर ते रीतसर बसत नव्हतं. हातात आठ दिवस होते. सुभेदारसाहेबांनी मला फोन केला, पण तक्रारीचा एक शब्द नाही. उलट म्हणाले, "माझंच चुकलं साहेब, नीट विचारायला हवं होतं." त्यांनी नीटच विचारलं होतं. उत्तर मी नीट दिलं नव्हतं.

मग मी बसलो आणि शोधून काढलं की साडेतेरा हजारांत त्यांना मिळालं काय.

कॅबिनेट नवं कोरं, पुढे रंगीत दिव्यांचा पंखा. मदरबोर्डही नवाच, पण जुन्या पद्धतीचा, एच-६१ जातीचा. आणि त्यावर बसवलेला प्रोसेसर आय-सेव्हन २६००. हा प्रोसेसर बाजारात आला २०११ साली. म्हणजे घेतला तेव्हाच त्याची जात तेरा वर्षांची होती. आपल्या देशात असे सेट सर्रास विकले जातात. दुकानदार खोटं बोलत नाही, आय-सेव्हन आहेच. फक्त कुठल्या सालचा, ते तो आपणहून सांगत नाही.

डेपोत आमचे एक वरिष्ठ होते. गाडी तपासायला गेलो की ते म्हणायचे, रंगाकडे बघू नकोस, रंग काल दिलेला असतो. आधी प्लेटवरचं उत्पादनाचं साल वाच. हे मला नोकरीत पाठ होतं. जेवणाच्या ताटावर विसरलो.

आता संगणकाची प्लेट कशी वाचायची, ते बघा. इंटेलच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारायचं. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा झाला हुद्दा. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. तो चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी: २६०० दुसरी, ६५०० सहावी, ८५०० आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन: १०४०० म्हणजे दहावी. आठव्या पिढीचा साधा आय-थ्री पुष्कळ कामांत दुसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनच्या बरोबरीने चालतो, काही ठिकाणी पुढेही जातो. हुद्दा मोठा म्हणून फसू नका.

पिढीचं एवढं का? कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर एका वर्षाची जादा मुदत दिली गेली, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. एएमडीचं मशीन असेल तर रायझन ३००० किंवा त्यापुढची मालिका बघा. काही मंडळी आडवाटेने जुन्या मशीनवरही विंडोज ११ बसवून देतात. चालतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करायचे, तिथे हा जुगार मी खेळणार नाही.

तर जुना, स्वस्तातला डेस्कटॉप घ्यावा का? बाजारात तीन प्रकार दिसतात.

पहिला, न विकला गेलेला मागच्या एक-दोन वर्षांतला नवा माल, सवलतीत. कंपनीची वॉरंटी पूर्ण असेल आणि सवलत खरी असेल तर खुशाल घ्या. घरच्या कामात एका पिढीचा फरक जाणवतही नाही.

दुसरा, मोठ्या कचेऱ्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले ब्रँडेड डेस्कटॉप. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सगळीकडे मिळतात. आठव्या पिढीपासून पुढचा असेल तर माझ्या मते हाच सौदा सर्वांत चांगला. ही मशीनं रोजच्या वापरासाठी बनवलेली असतात आणि बऱ्याच मशीनमध्ये विंडोजचा अस्सल परवाना आतच नोंदलेला असतो. एक खोट मात्र आहे. छोट्या आकाराच्या मशीनचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड बहुधा त्या कंपनीच्याच मापाचा असतो. तो गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला चालत नाही.

तिसरा प्रकार सुभेदारसाहेबांचा. नवं कॅबिनेट, जुनं काळीज. हा सोडा.

दुसरा प्रकार घ्यायला गेलात तर दुकानात मशीन चालू करून या गोष्टी बघा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, 'टीपीएम डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप करा. आवृत्ती २.० दिसली पाहिजे. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं आहे का ते बघा. क्रॅक केलेलं विंडोज फुकट मिळालं तरी नको. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्क किती तास चालली आहे आणि तिची तब्येत कशी आहे ते सांगतो. डिस्क एसएसडीच हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चांगला प्रोसेसरही रांगतो. बायोसमध्ये जाऊन बघा, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना. अर्धा तास मशीन चालू ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. मग पक्कं बिल घ्या, आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. दुकानदार क्रमांक लिहायला कुरकुरला की समजा, उठायची वेळ झाली.

विजेचाही हिशोब करा. जुना टॉवर सरासरी ८० वॉट आणि छोटा ऑफिस-डेस्कटॉप २५ वॉट खातो असं धरू. रोज आठ तासांना फरक ०.४४ युनिट, महिन्याला साधारण १३ युनिट. आठ रुपये दराने १०५ रुपये. तीन वर्षांत जवळपास ३,८०० रुपये. तुमच्याकडचा दर घालून बघा. मॉनिटर दोघांनाही लागतोच, तो धरलेला नाही. स्वस्त मशीनच्या किमतीत हे पैसे मिळवा आणि मग ठरवा ते स्वस्त आहे का.

लष्करात एक शेरा असतो, बीईआर. बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. म्हणजे दुरुस्त होईल, पण परवडणार नाही. हा शेरा मारण्याआधी बोर्ड बसतं आणि वस्तू कुठल्या कामाची, सुटे भाग मिळतील का, खर्च किती, असं विचारलं जातं. एका कामाला निकामी ठरलेली वस्तू दुसऱ्या कामाला चालू शकते, हेही तिथे बघतात. तुम्हीही खरेदीआधी पाच मिनिटांचं असं बोर्ड घरात बसवा. मुलाला फक्त टायपिंग शिकायचं, व्याख्यानं बघायची, तर जुनं मशीन पुरतं. नोकरी, बँक, कार्यालयाचं सॉफ्टवेअर असेल तर नाही. व्हिडिओ संपादन किंवा मोठे खेळ असतील तर या किमतीच्या नादी लागूच नका.

सुभेदारसाहेबांचं पुढे काय झालं? आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८५०० असलेला, कचेरीतून निघालेला डेस्कटॉप त्यांना पुण्यातून मिळाला, सतरा हजारांना, २५६ जीबी एसएसडीसह. मॉनिटर होताच. या वेळी दुकानातून त्यांनी मला प्रत्येक पडद्याचा फोटो पाठवला आणि मी एकेक वाचून हो म्हटलं. मुलगी सातव्या दिवशी कामावर रुजू झाली. त्या सतरांतले अर्धे मी देतो म्हणालो. त्यांनी घेतले नाहीत. मग मी जुन्या मशीनसाठी एक एसएसडी पाठवली. ती मात्र ठेवून घेतली. त्यावर लिनक्स मिंट बसवलं, मोफत आहे. आता धाकटा मुलगा त्यावर टायपिंगचा सराव करतो. म्हणजे ते मशीन वाया गेलं नाही. पण ज्या कामासाठी घेतलं, त्या कामाला ते आलं नाही, आणि पेन्शनीतून एकाच घराला दोनदा खर्च झाला.

तुमच्यातले पुष्कळजण माझ्या वयाचे असतील. घरात, सोसायटीत कोणी ना कोणी तुम्हाला विचारतच असेल, "काका, हे घेऊ का?" आपल्याला मान आहे म्हणून विचारतात, आणि आपण हो म्हटलं की पैसे मोजतात. तेव्हा माझी एक विनंती. उत्तर देण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारा. तो नसेल तर म्हणा, आधी क्रमांक आणा, मग बोलू.

जय हिंद.