मोजणीचे शास्त्र आणि आपली मुले
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बारावी झाली की आपल्या घरांत ठरलेली चर्चा होते. इंजिनीअरिंग, डॉक्टरी, की नागपूरला राहून स्पर्धा परीक्षा? आज मी आणखी एक वाट सांगणार आहे, लोकसंख्याशास्त्राची.

जन्म, मृत्यू आणि स्थलांतर, या तिन्हींमुळे गावाची लोकसंख्या बदलते. ती का आणि कशी बदलते, हे आकड्यांवरून शोधणारे हे शास्त्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एका स्त्रीमागे सरासरी मुले मध्य प्रदेशात २.०, तर महाराष्ट्रात १.७ आढळली. पुढची पिढी तेवढीच राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे पुढे संत्र्याच्या बागेत काम करणारे हात कमी आणि घरात वयस्कर माणसे जास्त. शाळा किती हव्यात, दवाखाने किती, हे अशा हिशेबावरून ठरवायचे असते.

या पाहणीचे काम पाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून १९५६ साली ती सुरू केली. १९८५ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. पदवीनंतर तिथे एम.ए., एम.एससी. आणि पुढे पीएच.डी. करता येते. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र शिकणाऱ्यांना हा विषय जवळचा आहे.

१९५६ हे साल आपल्याही ओळखीचे. त्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत हिंदी, असे आपले चालले आहे.

आता हे शास्त्र आपल्या दारात कसे येते ते पाहा. घटनेचा अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगतो. जिल्ह्यात किंवा तहसिलीत १५ टक्के लोकांची भाषा वेगळी असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, असे मान्य धोरण आहे. पण १५ टक्के आहेत, हे दाखवायचे कशावरून? जनगणनेवरून. २०११ च्या जनगणनेत आपण छिंदवाडा जिल्ह्यात मोजले गेलो. पांढुर्णा जिल्हा झाला २०२३ मध्ये. त्यामुळे जिल्हा म्हणून आपली पहिली मोजणी २०२७ ची.

प्रगणक मातृभाषा विचारतो. म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलली ती भाषा, शाळेची नव्हे. येत असलेल्या इतर भाषांचा रकाना वेगळा असतो. हिंदी तिथे जरूर सांगावी. ज्याच्या आईची भाषा गोंडी त्याने गोंडी सांगावी, पवारी त्याने पवारी, आणि आपली मराठी असेल तर मराठी. यात कुणाशी स्पर्धा नाही. खरे ते सांगायचे, एवढेच.

पण आकडे नुसते छापून येऊन काही होत नाही. ते वाचून शाळेसाठी, एसटी-रेल्वेसाठी, दवाखान्यासाठी अर्ज लिहिणारे माणूस लागते. बाहेरचा अभ्यासक आपली तहसील तक्त्यात एक ओळ म्हणून पाहील. तिथला गाव न् गाव ठाऊक असलेली मुलगी किंवा मुलगा त्या ओळीमागची माणसे पाहील. अशी दोन-चार मुले या मंडपातून निघावीत, हीच बाप्पाजवळ प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!