दोन ओळींच्या मध्ये



हे भाषण लिहायला बसण्याआधी मी माझ्या ओपीडीतले जुने केस पेपर काढले. सीओपीडीचे, म्हणजे घरोघरी ज्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात त्या आजाराचे. बहुतेकांच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : बिडी, रोज एक बंडल, ३० वर्षे. पुढच्या पानांवर ती पुन्हा येत नाही. इनहेलर बदललेला दिसतो, अँटिबायोटिक दिसतं. बिडीचं पुढे काय झालं, ते दिसत नाही. आणि शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं : दोन्ही पायांवर सूज. या दोन ओळींच्या मध्ये जे घडत गेलं, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

आपण छातीचे डॉक्टर श्वास मोजतो. रक्ताला फुफ्फुसातून जाताना किती कष्ट पडतात, याकडे आपलं लक्ष उशिरा जातं. शांत पडून असलेल्या निरोगी माणसाच्या पल्मनरी आर्टरीत सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २५ ला पोचला की पूर्वी आपण पल्मनरी हायपरटेन्शन म्हणायचो. २०१८ साली नीस इथल्या जागतिक परिषदेत ती रेषा २० वर आणली गेली. हृदयाची उजवी बाजू मुळात पातळ भिंतीची. वाढलेला दाब सोसता सोसता ती जाड होते, मग पसरते, मग पाय सुजतात आणि रुग्ण हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे त्याचा दुसरा पेपर निघतो.

कॉलेजात आपण एक साखळी शिकलो. धुराने श्वासनलिका बिघडतात, रक्तातला ऑक्सिजन घटतो, ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. आकसण्याचा हा गुणधर्म ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवला. साखळी खरी आहे, पण पुरी नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेली फुफ्फुसं तपासली, तेव्हा ज्यांची स्पायरोमेट्री अजून चांगली होती अशा धूम्रपान करणाऱ्यांतही बारीक रोहिण्यांचं अस्तर जाड झालेलं आढळलं. नायट्रिक ऑक्साइड तयार करून रक्तवाहिनी सैल ठेवणारं एन्झाइमही त्या अस्तरात कमी होतं. गिनी पिगना सिगारेटच्या धुरात ठेवलं, तर एम्फिसीमा दिसण्याआधीच रक्तवाहिन्या बदलल्या. म्हणजे धूर श्वासनलिका बिघडण्याची वाट पाहत नाही. तो रक्तवाहिनीपर्यंत स्वतः पोचतो. ‘अजून फुंकर चांगली आहे, काळजी नको’ असं मी कितीतरी बिडी ओढणाऱ्यांना सांगितलं आहे. आज सांगणार नाही.

फुंकर किती फसवू शकते, हे कॉतँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णांत दिसतं. वरच्या भागात एम्फिसीमा, खालच्या भागात फायब्रोसिस, जवळपास सगळे धूम्रपान करणारे. एक आजार फुफ्फुस फुगवतो, दुसरा आकसवतो, त्यामुळे स्पायरोमेट्रीचे आकडे साधारण ठीक येतात. माणूस मात्र दहा पावलांत धापा टाकतो. अशा रुग्णांत पल्मनरी हायपरटेन्शन फार आढळतं आणि तेच त्यांचं आयुष्य कमी करतं. सीटी काढलाच असेल, तर पल्मनरी आर्टरी शेजारच्या महाधमनीपेक्षा रुंद आहे का, एवढं नजरेने पाहायला वेगळा खर्च लागत नाही. सीओपीडीत अशी रुंद आर्टरी असलेल्यांना वारंवार ॲडमिट व्हावं लागतं, हे २०१२ मध्येच दाखवलं गेलं आहे.

आता औषधाविषयी. एकोवर दाबाचा आकडा वाढलेला दिसला की सिल्डेनाफिल लिहिण्याची पद्धत पडली आहे. फुगलेल्या छातीत एको नीट दिसत नाही, तो आकडा अंदाजाचा असतो, आणि सीओपीडीत या गोळीने रुग्णाचं भलं होतं असा भक्कम पुरावा नाही. फायब्रोसिसमध्ये अँब्रिसेंटान आणि रिओसिग्वाट यांनी अपायच केला. श्वासावाटे दिलेल्या ट्रेप्रोस्टिनिलने २०२१ च्या चाचणीत फायब्रोसिससारख्या आजारांत चालण्याचं अंतर वाढवलं. सीओपीडीत मात्र त्याचीच चाचणी अपाय दिसल्यामुळे आधीच थांबवावी लागली. दाब फारच चढला असेल, तर रुग्णाला उजव्या बाजूच्या कॅथेटरची सोय असलेल्या केंद्रात पाठवा. बाकीच्यांना मनाच्या समाधानासाठी गोळी देऊ नका.

मग हातात उरतं काय? ऑक्सिजन आणि धूर थांबवणं. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटरच्या खाली असलेल्यांना रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ च्या दोन चाचण्यांनी सिद्ध केलं. आणि बिडीबद्दल दर भेटीला, न रागावता, नुसतं विचारायचं. निकोटिनचं च्युइंगगम द्यायचं, पुन्हा सुरू झाली तर पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करायचा. सोडल्यावर रक्तवाहिनी पूर्ववत होते असं मी रुग्णाला सांगत नाही. फुफ्फुसाची घसरण मंदावते, हे सांगतो. नाकात नळी असताना बिडी पेटवून चेहरा भाजून घेतलेला माणूस ज्याने पाहिला आहे, तो हा प्रश्न विसरत नाही.

महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०१६-१७ च्या पाहणीत ४ टक्क्यांहूनही कमी होतं. पण धूर फक्त तंबाखूचा नसतो. डॉ. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत फुफ्फुसामुळे खचलेल्या हृदयांचा अभ्यास केला. बिडी ओढणारे मुख्यतः पुरुष, आजार मात्र बायकांतही जवळपास तितकाच. त्यांनी बोट ठेवलं ते शेणी-लाकडाच्या चुलीवर. हे वाचलेलं असूनही मी चुकलो. सिन्नरकडचे एक बाबा दीड वर्ष माझ्याकडे येत होते. सोबत त्यांच्या मालकीण, बिड्या वळून संसार केलेल्या. बिडी कधी ओठांना लावली नव्हती, चुलीपुढे मात्र चाळीस वर्षं गेलेली. मी या मावशींकडून बाबांच्या औषधांचा हिशेब घ्यायचो. एके दिवशी जिना चढून आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, “काही नाही साहेब, जरा दम लागला. आधी यांना बघा.” ओठ निळसर होते, पाय सुजलेले. तपासलं, तर त्यांचा ऑक्सिजन बाबांपेक्षा कमी होता.

ऑक्सिजनचं मशीन घरात न्यायचं म्हणून चूल पडवीत हलवली. मशीन एकच, तेही बाबांच्या नावावर मिळालेलं. दोघांना लागणारा प्रवाह वेगळा, आणि दोघांनाही रोज पंधरा तास हवे. दुसरं मशीन मिळायला चार महिने गेले. तोवर रात्रीचा ऑक्सिजन बाबांना आणि दुपारचा मावशींना, अशी वाटणी मावशींनीच करून घेतली होती.