मशीनला व्हॅक्यूम जोडलाय का?



पाऊस ओसरला की रंगाऱ्यांचे दिवस सुरू होतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोसायटीत कुठल्या ना कुठल्या मजल्यावर पुट्टी चाललेलीच असते, आणि हल्ली तिथून घरघर ऐकू येते ती भिंत घासायच्या विजेच्या मशीनची. लांब दांडा, टोकाला सात ते नऊ इंचांची गोल थाळी आणि थाळीवर चिकटवलेला पॉलिश पेपर. हाताने दिवसभर पुरणारी घासाई मशीन काही तासांत उरकतं. छतासाठी घोड्यावर उभं राहून मान मोडावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पडण्याची भीती तेवढी कमी.

बघणाऱ्याचं लक्ष मात्र त्या फिरत्या थाळीवर असतं. बोट जाईल का, हात कापेल का? दांडा दोन्ही हातांनी धरला आणि थाळी पुरती थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवलं नाही, तर ती भीती फारशी उरत नाही. मला काळजी वाटते ती मशीनच्या मागच्या बाजूची. थाळीला भोकं असतात, भोकांतून धूळ ओढून न्यायला पाइप असतो आणि त्या पाइपाला व्हॅक्यूम जोडायचा असतो. आपल्याकडे मशीन भाड्याने येतं, व्हॅक्यूम येत नाही. पाइपाचं तोंड तसंच उघडं राहतं. फार तर एक कापडी पिशवी बांधतात, तिच्या विणीतून सगळ्यांत बारीक धूळ खुशाल बाहेर येते. थाळी मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेते. म्हणजे ओढणारं काही नसेल तर हे मशीन माणसापेक्षा भराभर भिंत घासतं आणि त्याच वेगाने खोली धुळीने भरतं.

अमेरिकेत जिप्समच्या भिंती घासणाऱ्या कामगारांसाठी तिथल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने धूळ ओढणारी पाच उपकरणं तपासली होती. त्यांनी हवेतली धूळ 80 ते 97 टक्क्यांनी कमी केली. हे 1999 सालीच छापून आलंय, तेव्हा ही काही कालची युक्ती नव्हे. घरचा झाडलोटीचा व्हॅक्यूम मात्र इथे लावू नका. पुट्टीने त्याचा फिल्टर बघता बघता तुंबतो आणि बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. बारीक धुळीसाठी हेपा फिल्टरचाच हवा.

आपल्या पुट्टीत पांढरं सिमेंट असतं, चुनखडीची किंवा डोलोमाइटची पूड असते. डोळ्यात गेली की चरचरते, घामाच्या हातांना भेगा पाडते. त्यामुळे छत घासताना बाजूने बंद असलेला चष्मा हवाच. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाकातच अडकते, न दिसणारी थेट फुफ्फुसात उतरते. त्यातून मशीन एका जागी रेंगाळलं की पुट्टी संपते आणि खालचा गिलावा लागतो. पांढरी धूळ करडी दिसायला लागली की ओळखा. गिलाव्यात वाळू, वाळूत सिलिका, आणि सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार. त्याला बरं करणारं औषध नाही.

जुन्या घरांची आणखी एक गोष्ट. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे, विशेषतः दारं-खिडक्यांचे ऑइल पेंट शिशाचे असू शकतात. चाळीतल्या किंवा वाड्यातल्या अशा रंगावर कोरडं मशीन चालवूच नये. घरात रांगणारं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर मुळीच नाही.

आता तोंडावरच्या रुमालाविषयी. रुमालाने समाधान मिळतं, एवढंच. आयएस 9473 असं छापलेला एफएफपी-2 दर्जाचा मास्क घ्या. दाढी वाढलेली असेल तर तो गालाला नीट चिकटत नाही, कडेने वारा शिरतो. आणि मास्क घेऊन दिला तरी पुढचं दृश्य ठरलेलं: अर्ध्या तासाने तो हनुवटीवर येतो, पुट्टीने पांढऱ्या झालेल्या तळव्यावर तंबाखू आणि चुना मळला जातो आणि चिमूट थेट ओठाखाली. जुना रंग खरवडलेला असेल तर शिसंही त्याच वाटेने पोटात जातं. आधी साबणाने हात धुवा, मग काय ते करा. तंबाखू सोडलीत तर उत्तमच.

विजेचं थोडक्यात सांगतो. पिन नाही म्हणून उघड्या तारा सॉकेटात काडीने खोचायची आपली जुनी खोड आहे. ती 230 व्होल्टशी चाललेली मस्करी आहे. लाइन 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवरून, घ्या. वायरचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं रीळ तापतं. रंगासाठी स्विचबोर्डाच्या प्लेटा काढलेल्या असतील, पंखा उतरवला असेल, तर त्या उघड्या तारांचा मेन बंद करून तोंडं टेपने झाका. आणि पेपर बदलताना नुसता खटका बंद करून भागत नाही, पिनच काढा.

खोलीतला पंखा बंद ठेवा, एसीही बंद करून झाकून टाका. दाराला प्लास्टिक लावा. खिडकी उघडी, आणि जमलं तर तिच्यात बाहेर हवा फेकणारा पंखा.

प्रश्न उरतो व्हॅक्यूमचं भाडं कुणी द्यायचं हा. रंगारी दिवसाच्या मजुरीवर, ठेकेदार फुटाच्या भावावर, आणि घरमालक रंगाच्या छटेवर तासभर घासाघीस करतो. माझ्या मते तो खर्च घरमालकाचा. घर त्याचं, आणि त्या धुळीत दुसऱ्या दिवशी झोपायचंही त्यालाच. दर ठरवताना कागदावर तेवढी एक ओळ लिहून घ्या.

काम संपल्यावर कोरड्या झाडूने लोटू नका. व्हॅक्यूमने ओढा, मग ओल्या फडक्याने पुसा. जमलेली पूड गोणीत भरून तोंड बांधा. न्हाणीघरात ओतलीत तर ती जाळीखाली साचून पाइप तुंबवते. भिंतीवर मात्र पाण्याचा मारा नको. दमट फडकं फिरवा, भिंत वाळू द्या, मग प्राइमरचा हात.