बत्तीस आवाज



मला नोकरीतल्या वाटचालीवर बोलायला सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांबद्दल तुम्ही घरोघरी पुरेसं ऐकता. म्हणून मी गेल्या वर्षी घेतलेल्या एका जुन्या सिंथेसायझरबद्दल बोलते.

आपल्या लहानपणी पनवेलमध्ये गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचे, आठवतं? तुम्ही सगळे गायकांकडे बघायचात, मी कडेला उभ्या की-बोर्डवाल्याच्या बोटांकडे. त्याच्यापुढे हिरवट चपट्या बटणांचा यामाहा डीएक्स-७ असायचा. घरी मागायची सोय नव्हती. आमच्याकडची पेटीसुद्धा शेजाऱ्यांची होती.

गेल्या वर्षी कळलं, लाइन आळीजवळचे एक काका आपला डीएक्स-७ विकताहेत. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात वाजवलं, आता बोटं वळत नाहीत. ३५,००० सांगितले, मी दिले. (घासाघीस का केली नाहीस, हे घरी अजून ऐकते.) चौदा किलोंचं ते वाद्य रिक्षात आडवं घालून आणलं आणि त्या रात्री मी झोपले नाही. निघताना काका एवढंच म्हणाले, "ताई, ह्यातले आवाज कंपनीचे नाहीत हां. माझे आहेत."

हे वाद्य आलं १९८३ साली, पण त्यामागची कल्पना १९६७ची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग या संगीतकाराला ती सुचली. स्वराला हलका कंप दिला की आपल्याला कंप ऐकू येतो. तोच कंप सेकंदाला शेकडो वेळा दिला, की कंप ऐकू येईनासा होतो आणि स्वराचा पोतच बदलतो. घंटा होते, बासरी होते. म्हणजे एका साइनच्या पोटात दुसरी साइन. बाई, तुम्ही फळ्यावर काढायचात तीच. डीएक्स-७मध्ये अशा सहा लहरी एकमेकींना ३२ प्रकारे जोडता येतात. मात्र नवा आवाज घडवायचा तर एकेक आकडा बदलत, दोन ओळींच्या पडद्याकडे बघत बसावं लागतं. भले भले कंटाळून तयार आवाजच वापरायचे. काकांनी मात्र सनई केली होती, संबळ केला होता, देवळातली घंटा केली होती. नावाला दहाच अक्षरांची जागा, त्यात त्यांनी ती कशीबशी बसवली होती.

हे सगळं टिकून होतं आतल्या एका बटणसेलवर. व्होल्टेज पाहिलं तर सेल संपत आलेला. तो डाखलेला असतो. काढला की आतले बत्तीसच्या बत्तीस आवाज गेले. काकांकडे दुसरी प्रत नव्हती. तेव्हा आधी मिडीच्या वायरीने लॅपटॉप जोडला. सगळा ऐवज चार हजारांहून थोडे जास्त बाइट, यायला दीड सेकंदही लागला नाही. वीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या छोट्या फाइलसाठी माझे हात कधी थरथरले नव्हते. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, मग सेल बदलला, आवाज परत भरले आणि काकांना फोनवर सनई ऐकवली.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वरच्या सा-ला जरा जास्त चिरकते. मला तेव्हाच दुरुस्त करायची होती."

ती दुरुस्ती आम्ही दोघं मिळून करतोय, दर रविवारी. वाद्य आज मागच्या टेबलावर लावलंय आणि काकाही आलेत. जेवणानंतर ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी तिकडे यावं.