झाकून काय राहते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा दिवस गोडधोडाचा. तरी मी कडू विषय काढणार आहे, कारण तो आपल्या आळीतल्या कितीतरी घरांत आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. घरातल्या माणसाला दारूचे व्यसन लागले, तर घरच्यांनी काय करावे?

आपण बायका पहिल्याने झाकाझाक करतो. माझ्या माहितीतली एक बाई दिवसभर बसून हजार विड्या वळते. नवरा यंत्रमागावर गेला नाही, की मालकाला "ताप आलाय" म्हणून निरोप धाडते. गुत्त्यावरची उधारी तीच फेडते. आणि रात्री त्याला शोधायला धाकट्या मुलीला पाठवते. एवढे करून लोकांना कळायचे ते कळतेच. पिणाऱ्याचे मात्र फावते. उधारी फेडणारे घरात असल्यावर तो कशाला थांबेल?

मग आपण सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन शपथ घालतो. माणूस मनापासून शपथ घेतो आणि चार दिवसांत ती मोडते. कारण हा आजार आहे. शरीराला दारूची सवय जडलेली असते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो, कधी जिवावरही बेतते. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोणी दिलेले औषध भाजीत चोरून घालू नये. काही औषधांवर दारू पोटात गेली, तर जीव धोक्यात येतो.

"बायको नीट असती तर तो प्यालाच नसता," हे बोलणे आपल्यापैकी कितीजणींनी ऐकले असेल! अमेरिकेत १९५१ साली पिणाऱ्यांच्या घरच्यांनी 'अल-अनॉन' ही संघटना काढली. दुसऱ्याच्या पिण्याला घरचे माणूस कारण नसते, हे तिथे पहिल्यांदा शिकवतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामागे पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. तिथे रोग्याच्या बायकोचेही दुःख ऐकून घेतात. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे.

आपल्या जिल्ह्यात मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी चाले. २०२१ साली ग्रामीण पोलीस अधीक्षक श्रीमती तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले आणि दारू गाळणाऱ्यांना दुसऱ्या कामधंद्याकडे वळवले. गाळणारी घरे बदलतात, तर पिणाऱ्यांची का बदलू नयेत?

तेव्हा भगिनींनो, उधारी फेडू नका. खोटे निरोप धाडू नका. मुलांना गुत्त्यावर पाठवू नका. प्यालेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका; सकाळी तो शुद्धीवर असताना शांतपणे बोला. आपली कमाई आपल्या हाती ठेवा. मार सोसू नका. शेजारचे दार वाजवा, ११२ वर पोलिसांना बोलवा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी सरकारचा १४४४६ हा फुकट दूरध्वनी आहे.

इतके करूनही एखाद्याची सुटत नाही, सुटलेली पुन्हा लागते. तरी त्या घरातल्या बाईने व मुलांनी नीट जेवावे, झोपावे, शाळा चालू ठेवावी. एकाच्या आजारात सारे घर आजारी पडता कामा नये.

आणि जिला बोलावेसे वाटेल, तिने मंडळात यावे. आपण ऐकू; ऐकलेले उंबऱ्याबाहेर नेणार नाही.