नाजूक पोट आणि तांबडा पेला

मे महिना उजाडला कीं रत्नागिरीच्या घरांची दारें मुंबई-पुण्याच्या आप्तेष्टांसाठीं उघडीं होतात. पूर्वी पाहुण्यापुढें पन्हें किंवा कोकमाचें सरबत ठेवलें म्हणजे यजमानाचें कर्तव्य पुरें होत असे. आतां एखाद्या घरांत मुंबईकर भाच्याच्या पिशवींतून नाशिकची तांबडी वाइन निघते. पेले भरले जातात, आणि वर्षानुवर्षें आम्लपित्तानें गांजलेले मामा हळूच विचारतात, “अरे, माझ्या पोटाला हें सोसेल ना?” भाचा उत्तरतो, “मामा, ही कांहीं दारू नव्हे. द्राक्षांचा रस तो. उलट औषधीच म्हणा ना!” प्रश्न शहाणपणाचा असतो, उत्तर मात्र तसें नसतें.

द्राक्षासवाचें नांव ऐकत वाढलेल्या कुटुंबांत ही समजूत चटकन रुजते. पण द्राक्षासव वैद्य चमच्यानें मोजून, जेवणानंतर, पाण्यांत मिसळून देतात. पेले भरून नव्हे. शिवाय वाइन हें मद्यच आहे. तींत सामान्यतः 12 ते 15 टक्के मद्यार्क असतो. 13 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर सुमारें 15 ग्रॅम मद्यार्क पोटांत जातो.

हा मद्यार्क अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरील स्नायु सैल करतो. मग जठरांतील आम्ल वर चढतें आणि छातींत जळजळ होते. दुसरी गोष्ट पुष्कळांना नवल वाटण्याजोगी आहे. वाइन व बिअर हीं नुसतीं आंबवलेलीं पेयें जठररसाचा स्राव चांगलाच वाढवितात. व्हिस्कीसारख्या ऊर्ध्वपातित मद्यांत हा गुण तसा आढळत नाहीं. याचा अर्थ व्हिस्की पोटाला हितकर असा मुळींच नव्हे, कारण तीव्र मद्यार्क जठराच्या अस्तरालाच दुखवितो. परंतु ‘हलकी म्हणून निर्धोक’ हा वाइनविषयींचा समज यामुळें लटका पडतो.

तरीहि ज्याला घ्यावयाचीच आहे, त्यानें निवड कशी करावी? पहिली खूण बाटलीवरील अंकाची. 14-15 टक्क्यांपेक्षां 12 टक्क्यांच्या आसपासची बाटली बरी. दुसरी खूण तुरटपणाची. तांबड्या वाइनचा रस सालींसह आंबवतात. साली व बिया यांतून रंगाबरोबर तुरट द्रव्यें उतरतात. कोऱ्या कडक चहानें किंवा सुपारीनें जीभ आंवळते, तोच हा गुण. कॅबरने सोव्हिन्यों आणि तरुण शिराझ यांत तो ठळक असतो. मर्लो बहुधा मऊ लागते. तिसरी गोष्ट आंबटपणाची. बहुतेक तांबड्या वाइनमध्यें, हिरव्या सफरचंदांत असणारें तीव्र आम्ल जंतूंच्या योगानें दह्यांतल्या सौम्य आम्लांत बदलतें. म्हणून पांढरी वाइन दिसावयास सौम्य असली, तरी पुष्कळदां तीच अधिक आंबट असते. गोडीवरूनहि फसूं नये. पोर्तुगालची अस्सल पोर्ट गोड असते, परंतु तींत ब्रँडी मिसळलेली असल्यामुळें मद्यार्क 19 ते 22 टक्क्यांपर्यंत जातो.

निवडीइतकीच घेण्याची रीत महत्त्वाची. रिकाम्या पोटीं पहिला घोट घेऊं नये. भात किंवा तांदळाची भाकरी पोटांत असावी, आणि त्या दिवशीं तिरफळ घातलेलें झणझणीत सार थोडें सौम्य करावें; नाहींतर दोष कोणाचा हें पोटालाहि कळावयाचें नाहीं. अर्धाच पेला, सावकाश, बरोबर पाणी, आणि घेतल्यावर लगेच आडवें न होणें, हे नियम साधे आहेत. रत्नागिरीच्या दमट उष्म्यांत उघडी बाटली लवकर आंबून शिरक्याच्या वाटेला लागते. बूच घट्ट लावून ती शीतकपाटांत ठेवावी. आंबूस वास येऊं लागल्यास खुशाल टाकून द्यावी.

परंतु कांहीं पोटांसाठीं योग्य बाटली अशी नसतेच. जठरव्रण असलेल्यांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनीं वाइन वर्ज्यच मानावी. गुडघेदुखीसाठीं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्या वृद्धांना तर दुहेरी भय असतें, कारण त्या गोळ्या व मद्य मिळून जठरांत रक्तस्राव घडवूं शकतात. शौचास डांबरासारखें काळें होणें किंवा उलटींत रक्त दिसणें हें तत्काळ डॉक्टरांकडे जाण्याचें लक्षण होय. ऑस्ट्रेलियांतील वॉरन व मार्शल यांनीं 1982 सालीं जठरांतला एक जंतु उजेडांत आणला. पुढें तोच बहुसंख्य व्रणांच्या मुळाशीं असल्याचें दिसून आलें, आणि 2005 सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आज तो जंतु औषधांनीं नाहींसा करतां येतो. म्हणून रोजच्या जळजळीवर बाटल्या बदलून पाहण्यापेक्षां तपासणी करून घेणें शहाणपणाचें. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि 2023 च्या जानेवारींत स्पष्ट केलें कीं, प्रकृतीला पूर्णपणें निर्धोक असें मद्याचें प्रमाण सांगतां येत नाहीं.

तेव्हां मामांच्या प्रश्नाचें खरें उत्तर बाटलींत नसून यजमानाच्या आणि पाहुण्याच्या वागणुकींत आहे. पंक्तींत एकट्यानें ‘नको’ म्हणणें वडीलधाऱ्यांनाहि अवघड जातें. कोंकणांत त्यावर सुंदर तोड आहे. पावसापूर्वी पिकणाऱ्या रातांब्याच्या साली साखरेंत घालून उन्हांत मुरविल्या कीं जो रस सुटतो, तो वाइनसारखाच गर्द तांबडा दिसतो. तोहि आंबट आहे, म्हणून नाजूक पोटाच्या माणसानें पातळ करून, सोसेल तेवढाच घ्यावा. पण त्यांत मद्यार्काचा थेंब नाहीं. तो त्याच घाटाच्या पेल्यांत, कांहींहि न विचारतां, मामांच्या हातीं द्यावा. पेल्याला पेला लागेल, रंगाला रंग मिळेल, आणि रात्रीं मामांना उशी उंच करून बसावें लागणार नाहीं.