अभियांत्रिकीची शाखा निवडताना



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : कोणत्या शाखेला 'स्कोप' आहे? प्रश्न साहजिक आहे. चार वर्षांच्या शुल्कासाठी कित्येक घरांत कर्ज काढले जाते, प्रसंगी जमिनीचा तुकडाही विकला जातो. तरीही हा प्रश्न अपुरा आहे. प्रवेश आज होतो, नोकरी चार वर्षांनी मिळते. तेवढ्या अवधीत बाजाराचे वारे फिरते. २००० पर्यंत संगणक शाखेकडे रीघ होती; २००१ च्या मंदीत अनेक पदवीधरांना नोकरीसाठी ताटकळावे लागले आणि पुढे तीच शाखा पुन्हा बहरली.

नगरकरांना परिचित असलेली 'लूना' या बाबतीत बोलके उदाहरण आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ही छोटी गाडी बाजारात आणली. तिच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेले अरुण फिरोदिया हे पवईच्या आयआयटीचे विद्युत अभियंता. इंजिनाची गाडी घडविताना त्यांची शाखा आड आली नाही. २०२४ मध्ये हीच लूना विजेवर धावू लागली. जे वाहन एकेकाळी यंत्र अभियंत्याचे समजले जाई, त्यात आज बॅटरी, मोटार आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. तात्पर्य, शाखांमधील भिंती प्रवेशाच्या अर्जावर जेवढ्या उंच दिसतात, तेवढ्या कारखान्यात नसतात.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांतही हेच दिसते. उसाचे गाळप यंत्र अभियंता सांभाळतो, सहवीजनिर्मिती विद्युत अभियंता, तर इथेनॉलचा प्रकल्प रसायन अभियंता. एकाच आवारात अनेक शाखांना काम आहे.

मग निवड कशी करावी? विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचा कल तपासावा. गणितात व तर्कात रमणारा, यंत्र उघडून पाहणारा आणि बांधकामापाशी थबकणारा, या तिघांचे मार्ग वेगळे आहेत. त्या शाखेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आधी वाचावा. महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा प्रयोगशाळा व अध्यापक पाहावेत. एनबीएचे मानांकन संस्थेला नव्हे, तर प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतंत्रपणे मिळते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. १९८३ मध्ये लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. त्यामुळे घराजवळचा पर्यायही कमी लेखू नये. दहावीनंतर पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही खुली आहे.

शेजाऱ्याच्या मुलाचे वेतन पाहून घेतलेली शाखा पहिल्याच वर्षी ओझे होते. आवडीने घेतलेली शाखा मंदीतही माणसाला शिकते ठेवते, आणि शिकत राहणाऱ्यास काम मिळतेच मिळते. येथील प्रत्येक विद्यार्थ्याला ही निवड डोळसपणे करता यावी, हीच सदिच्छा!